पेटंटचा कागद: भिसे, करमरकर, रासकर आणि मराठवाड्याची हळद

पेटंट हा राज्याने शोधकाशी केलेला करार असतो. शोधकाने आपला शोध लिहून द्यायचा. तोही असा, की त्या विद्येतल्या दुसऱ्या जाणकाराला नुसत्या वाचनावरून ते यंत्र उभे करता यावे. त्या बदल्यात राज्य त्याला ठरावीक वर्षे त्या शोधावर एकट्याचा हक्क देते. मुदत सरली की शोध सर्वांचा होतो. मराठीत याला 'एकस्व' असा शब्द आहे. पण बोलण्यात आणि कचेरीत 'पेटंट'च रुळले. या शब्दाच्या मुळाशी 'उघडे' असा अर्थ आहे. युरोपातले राजे काही सनदा बंद न करता, मोहर खाली लटकती ठेवून, कोणालाही वाचता येतील अशा देत. त्या उघड्या सनदांवरून हे नाव पडले.

हक्क मिळण्यासाठी शोध नवा हवा, त्या विद्येतल्या माणसाला सहज सुचणारा नसावा आणि उद्योगात वापरता येण्याजोगा हवा. यातल्या पहिल्या दोन अटींचा निकाल तारखेवर लागतो. अमुक गोष्ट अमुक दिवसाआधी कोठे लिहिली, छापली किंवा वापरली गेली होती का, एवढेच पाहिले जाते. म्हणून पेटंटचा इतिहास हा बुद्धीचा जितका आहे, तितकाच तारीख घातलेल्या कागदाचाही आहे. वैद्यकीय उपकरणे, प्रकाशावर चालणारी इलेक्ट्रॉनिक साधने आणि जाळ्यांचे गणित या तीन क्षेत्रांत मराठी माणसांनी जे मिळवले आणि जे त्यांच्या हातून निसटले, ते या कागदाच्या आधाराने नीट समजते.

कायदा आणि मुलूख

हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा १८५६ साली आला. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी ३ मार्च १८५६ रोजी केला. शोध होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढत बसणाऱ्या माणसाचे काम ते करणार होते. या कायद्याला राणीची पूर्वसंमती घेतलेली नव्हती, म्हणून तो १८५७ मध्ये रद्द झाला आणि १८५९ मध्ये सुधारून पुन्हा आला. १८८८ मध्ये शोध आणि डिझाइन यांचा एकत्र कायदा झाला, तर १९११ च्या कायद्याने पेटंटचा कारभार एका नियंत्रकाच्या हाती दिला.

हे सारे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. धर्माबाद, नांदेड, लातूर हा मराठवाड्यातला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबईत किंवा कलकत्त्यात मिळवलेले पेटंट गोदावरीकाठच्या या गावांत आपोआप लागू होत नसे. पेटंटचा हक्क ज्या राज्याने दिला, त्या राज्याच्या हद्दीतच चालतो. हे तत्त्व आजही तसेच आहे. भारतात मिळालेले पेटंट अमेरिकेत चालत नाही आणि तिथले इथे चालत नाही. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर वसलेल्या धर्माबादेत मिरचीची बाजारपेठ वाढली. आडत, तोल आणि हुंडी यांचे व्यवहार पक्के झाले. पण शोधावर हक्क सांगण्याची व्यवस्था या भागात रुजायला बराच काळ जावा लागला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला.

शंकर आबाजी भिसे

पेटंट हेच ज्याचे जीवनकार्य झाले असा पहिला मराठी शोधक म्हणजे शंकर आबाजी भिसे. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका शोधकविषयक नियतकालिकाने स्पर्धा ठेवली होती. पीठ, साखर असा किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची रचना भिसे यांनी मुंबईहून पाठवली आणि ती पहिली आली. दिनशा वाच्छा यांचे दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र घेऊन ते लंडनला गेले.

तिथे त्यांनी छपाईच्या खिळ्यांचे यंत्र हाती घेतले. त्या काळी मजकूर छापायचा तर प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा लागे. कंपोझिटर केसमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. छपाई झाली की ते सोडवून पुन्हा केसच्या घरात टाकी. लायनोटाइप यंत्र सबंध ओळ एकदम ओतीत असे. मात्र त्या ओळीत एक अक्षर चुकले, तर सगळी ओळ पुन्हा ओतावी लागे. भिसे यांच्या यंत्रात सुटे खिळे वेगाने ओतले जात आणि तिथेच जुळवले जात. त्याचा वेग मिनिटाला १२०० खिळे सांगितला गेला. देवनागरीसारख्या लिपीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांचे प्रकार काही शेकड्यांत जातात. खिळे ओतण्याच्या वेगाचे मोल अशा लिपीच्या छापखान्याला अधिक.

शोध सिद्ध झाला तरी भांडवल आडवे आले. १९०८ मध्ये मायदेशी परतताना बोटीवर त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी भेट झाली आणि गोखल्यांमुळे सर रतन टाटा यांच्याशी ओळख झाली. टाटा आणि भिसे यांच्या नावाने लंडनमध्ये संस्था निघाली. ती टिकली नाही आणि पुढे भिसे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रांची कंपनी काढली. वैद्यकातही त्यांनी हात घातला. 'ॲटोमिडीन' हे आयोडीनयुक्त औषध त्यांचेच. सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट त्यांच्या नावावर सांगितली जातात. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

भिसे यांच्या आयुष्यातून पेटंटची मर्यादा स्पष्ट दिसते. पेटंट दुसऱ्याला अडवते, पण शोधकाच्या हाती कारखाना देत नाही. यंत्राचे साचे, त्यासाठीची भट्टी, विक्रीची माणसे आणि नक्कल झाली तर कोर्टात उभे राहण्याची ऐपत हे सर्व निराळे जमवावे लागते. ज्या काळात हिंदी माणसाला ते मायदेशी मिळत नव्हते, त्या काळात भिसे यांनी तीन देशांत झुंज दिली.

१९७० चा कायदा: काय बसते, काय बसत नाही

स्वातंत्र्यानंतर बक्षी टेकचंद समितीने आणि नंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९११ च्या कायद्याची तपासणी केली. अय्यंगार यांचा अहवाल १९५९ मध्ये आला. भारतातली पेटंट बहुतेक परदेशी कंपन्यांच्या हाती आहेत, त्यांतला मोठा भाग इथे वापरलाच जात नाही आणि औषधे त्यामुळे महाग पडतात, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. त्याआधारे पेटंट कायदा १९७० तयार झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषध आणि अन्न या वस्तूंवर पेटंट देणे त्याने थांबवले. फक्त ते बनवण्याच्या रीतीवर, तेही थोड्या मुदतीचे, पेटंट ठेवले. भारतीय औषध उद्योग याच काळात वाढला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधांच्या वस्तुपेटंटची दारे पुन्हा उघडली. त्याआधीच्या दुरुस्तीने सर्व पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे केली होती.

कोणत्या गोष्टींना पेटंट मिळत नाही, हे या कायद्याच्या कलम ३ मध्ये दिले आहे. उपकरणाला पेटंट मिळते, उपचाराच्या रीतीला मिळत नाही. हृदयाची कृत्रिम झडप नोंदता येते, ती बसवण्याची शस्त्रक्रिया नोंदता येत नाही. प्रकाशीय साधने यंत्राच्या सर्वसाधारण नियमात बसतात. नुसती गणिती रीत, निव्वळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम मात्र वगळलेले आहेत. पारंपरिक ज्ञानही २००२ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत वगळले गेले. पुढच्या तीन उदाहरणांकडे पाहताना ही विभागणी ध्यानात ठेवावी लागते.

जाळ्याचे गणित: नरेंद्र करमरकर

धर्माबादच्या आडत्याकडे मिरचीची काही हजार पोती आहेत असे समजू. ट्रक ठरावीक, प्रत्येक मंडईतला भाव वेगळा, प्रत्येक वाटेचे भाडे वेगळे, शीतगृहातली जागा मोजकी. कोणता माल कोठे धाडला तर सर्वांत जास्त पैसे हाती येतील? पाच मंडया असतील तर अनुभवी माणूस अंदाजाने सांगेल. हजारो केंद्रे आणि लाखो वाटा असलेल्या दूरध्वनीच्या जाळ्यात हाच प्रश्न आला की अंदाज संपतो. या जातीच्या प्रश्नांना रेषीय नियोजन म्हणतात.

मर्यादांच्या आत राहून जितके पर्याय शक्य आहेत, ते सारे मिळून पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी एक आकृती होते. सर्वांत चांगले उत्तर तिच्या एखाद्या टोकावर असते. अमेरिकेचे जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये काढलेली सिम्प्लेक्स रीत हिऱ्याच्या कडांवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाते. व्यवहारात ती चांगली चालते. पण काही आकृतींत तिला जवळजवळ प्रत्येक टोकाला भेट द्यावी लागते, हे १९७२ मध्ये सिद्ध झाले. १९७९ मध्ये सोव्हिएत गणिती खाचियान यांनी हमखास मर्यादित वेळात संपणारी रीत दिली, मात्र प्रत्यक्षात ती संथ ठरली.

नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात झाला. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि बर्कलेहून पीएच.डी. करून एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. १९८४ मध्ये त्यांनी हिऱ्याच्या कडा सोडून थेट पोटातून जाणारी वाट मांडली. प्रत्येक पावलानंतर ही रीत सबंध आकृती अशी बदलून घेते, की आपण उभे आहोत तो बिंदू मध्यभागी यावा. भिंती दूर गेल्या की पुढचे पाऊल लांब टाकता येते. अशी थोडीच पावले टाकून उत्तराजवळ पोहोचता येते. प्रशांत महासागराकाठच्या देशांमधल्या दूरध्वनी वाहिन्यांचे नियोजन करण्यासाठी कंपनीने ही रीत वापरली.

कंपनीने तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १० मे १९८८ रोजी अमेरिकेचे ४,७४४,०२८ क्रमांकाचे पेटंट मिळाले. शोधक म्हणून नाव करमरकरांचे, मालकी कंपनीची. कंपनीने ही रीत चालवण्यासाठी 'कॉरबेक्स' नावाची संगणक प्रणाली बनवून ८९ लाख डॉलर किंमत लावली; पहिले गिऱ्हाईक अमेरिकेचे संरक्षण खाते होते. गणिताला कुंपण घालता येते का, यावर जगभरच्या गणितज्ञांत तेव्हा मोठा वाद झाला. करमरकरांच्या रीतीच्या एका सुटसुटीत रूपाशी मिळणारी पद्धत सोव्हिएत संघात आय. आय. दिकिन यांनी १९६७ मध्येच छापली होती, हेही नंतर उजेडात आले. रशियन नियतकालिकातल्या त्या काही पानांकडे पश्चिमेत कोणाचे लक्ष गेले नव्हते. पेटंटची मुदत २००६ मध्ये संपली. आज विमानांची वेळापत्रके, वीजवाहिन्यांवरचा भार आणि मालवाहतूक ठरवणाऱ्या प्रणालींत आतून जाणाऱ्या या रीतींचा वंशविस्तार आहे. भारतात असा अर्ज केवळ गणिती रीत म्हणून आला असता, तर कलम ३ पाशीच थांबला असता.

प्रकाश आणि शरीर: ऑक्सिमीटर ते नेत्र

प्रकाश आणि विद्युत यांच्या सीमेवरच्या भारतीय पेटंटची सुरुवात जगदीशचंद्र बोस यांच्यापासून होते. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाचा उपयोग करून विद्युतलहरी टिपणाऱ्या साधनासाठी त्यांना २९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले. हे साधन अर्धवाहकांच्या युगाची नांदी मानले जाते. पेटंटमधून पैसा मिळवण्याला स्वतः बोस यांचा विरोध होता.

हीच विद्या वैद्यकात घरोघर पोहोचली ती ऑक्सिमीटरच्या रूपाने. करोनाच्या साथीत मराठवाड्यातल्या आशा कार्यकर्त्यांच्या पिशवीत बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारा हा चिमटा होता. त्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. समोरच्या बाजूला प्रकाश मोजणारा डायोड. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. प्राणवायू उणा झाला की उलट होते. बोटातले मांस, कातडी, नख हेही प्रकाश अडवतात. त्यांतून रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढायचा? जपानचे ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदयाचे काम मोजत होते आणि नाडीच्या ठोक्यागणिक येणारी थरथर त्यांच्या मोजमापात बिघाड आणत होती. ही थरथर फक्त धमनीतल्या रक्ताचीच आहे, बाकी सारे स्थिर आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. अडचण वाटणारी गोष्टच मोजायची ठरली. त्यांच्या कंपनीने २९ मार्च १९७४ रोजी जपानमध्ये अर्ज केला. दुसऱ्या एका जपानी कंपनीचा त्याच कल्पनेचा अर्ज महिन्याभरातच आला. काही आठवड्यांच्या अंतराने पहिलेपणा ठरला.

नाशिकचे रमेश रासकर यांचे काम याच वाटेवरचे. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून ते अमेरिकेला गेले आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. तिथे त्यांच्या गटाने सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रे टिपण्याच्या तोडीचा कॅमेरा सिद्ध केला. प्रकाशाचा एक ठिपका बाटलीतून सरकताना त्यात दिसतो. भिंतीवर आपटून परत आलेल्या प्रकाशाच्या वेळेवरून कोपऱ्यापलीकडची, नजरेआडची वस्तू ओळखण्याची रीतही या गटाने दाखवली.

त्यांच्या गटाचे 'नेत्र' हे साधन सर्वसामान्यांच्या अधिक जवळचे आहे. २०१० मध्ये ते मांडले गेले. डोळ्याचा नंबर काढणारे प्रचलित यंत्र डोळ्यात किरण सोडते आणि परत आलेल्या प्रकाशाची लाट तपासते. ते महाग आणि जागचे न हलणारे. रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रक्रिया उलटी केली. मोबाइलच्या पडद्यावर बसवायचे भिंगांचे छोटे जोडसाधन, त्याला डोळा लावायचा. पडद्यावर तांबडी आणि हिरवी रेघ दिसते. डोळा निर्दोष असेल तर त्या एकमेकींवर बसतात. दोष असेल तर दुरावतात. पाहणाऱ्याने बटण दाबत रेघा जुळवायच्या. त्या जुळायला किती वेळा सरकवाव्या लागल्या, त्यावरून नंबर निघतो. वेगवेगळ्या कोनांत हेच केले की तिरकस दृष्टिदोषाचाही अंदाज येतो. जोडसाधनाच्या सुट्या भागांचा खर्च दोनेक डॉलरच्या आसपास सांगितला गेला. जिथे नेत्रतज्ज्ञ तालुक्याच्या गावीही रोज मिळत नाही, तिथे अशा साधनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रासकर यांच्या नावावर अनेक डझन पेटंट आहेत. २०१६ मध्ये त्यांना पाच लाख डॉलरचे लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळाले.

हळदीचा धडा

आधीच्या शोधकांनी नवे ते नोंदवले. हळदीच्या प्रकरणात जुने ते जुनेच आहे, हे सिद्ध करावे लागले. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. वसमत, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात, जिथे हळद शिजवून वाळवण्याची खळी माघ-फाल्गुनात पिवळी होतात, तिथे कापलेल्या बोटावर हळद दाबणे पोराटोरांनाही माहीत. पण सर्वांना माहीत असणे हा तिथल्या पेटंट कचेरीत पुरावा होत नाही, कागद लागतो.

त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक गोव्याच्या माशेल गावचे रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज केला. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले उतारे आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापलेला लेख धरून ३२ आधार तिने पुढे ठेवले. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी कचेरीने दावे नाकारले. आजीबाईच्या बटव्यातले ज्ञान वाचले ते कोणीतरी कधीतरी ते लिहून ठेवले होते म्हणून. यातूनच २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध या ग्रंथांतले योग अनेक भाषांत नोंदवणारे पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. जगभरचे परीक्षक आज ते तपासतात.

पिकाच्या नावाचे रक्षण मात्र पेटंटने होत नाही. त्यासाठी भौगोलिक मानांकन असते. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला, तसेच लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना हे मानांकन मिळाले. हा हक्क एका माणसाचा नसून त्या भागातल्या सर्व उत्पादकांचा असतो आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण करून तो पुढे चालवता येतो.

आजची वाट

मराठवाड्यातल्या शोधकाचा अर्ज आज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो आणि तो घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. व्यक्तीसाठी मूळ शुल्क १६०० रुपये आहे. कल्पना अजून पक्की नसेल तर तात्पुरते विवरण देऊन तारीख मिळवता येते. पूर्ण विवरण १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी शोधकाने स्वतः करायची असते. ती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. सर्वांत जास्त नुकसान होते ते घाईने. प्रदर्शनात यंत्र मांडले, वर्तमानपत्रात फोटो आला, शोधनिबंध छापला आणि अर्ज राहून गेला, तर बहुतेक वेळा शोधकाचीच प्रसिद्धी त्याच्या नवेपणावर उलटते.

वैद्यकीय उपकरणांसाठी महाराष्ट्रात एक नमुना तयार झाला आहे. मुंबईच्या आयआयटीत २०१४ मध्ये राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने 'बेटिक' हे केंद्र सुरू झाले. तिथे डॉक्टर अडचण सांगतो, अभियंता उपकरण घडवतो, दोघे मिळून ते रुग्णालयात तपासतात आणि मग पेटंटचा अर्ज होतो. ही पद्धत नांदेडला परकी नाही. विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ पासून आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याच परिसरात आहे. अडचण जाणणारे आणि ती सोडवणारे इथे एकमेकांच्या शेजारी शिकतात. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलतही आहे.

भिसे यांना लंडन गाठावे लागले, करमरकर आणि रासकर यांना अमेरिका. त्यांच्या शोधांना लागणारी प्रयोगशाळा, पैसा आणि नोंदणीची सवय त्या काळी तिकडेच होती. यातली नोंदणी आता धर्माबादपासून दूर राहिलेली नाही. कामाच्या वहीत रोजची तारीख घालून प्रयोग लिहिणे, त्यावर साक्षीदाराची सही घेणे आणि प्रसिद्धीआधी अर्ज करणे, एवढ्या तीन गोष्टींनी ती सुरू होते.